दहा मिनिटांत एक्केचाळीस चुका

दक्षिण राजवीथी, तंजावूर
सोमवार, ६ नोव्हेंबर १९९५

तीर्थस्वरूप बाळकृष्णभावजी यांना जयतीर्थाचा साष्टांग नमस्कार.

तुमचे गुडघे कसे आहेत? पुण्यात थंडी पडू लागली असेल, तेव्हा सकाळचं फिरणं ऊन वर आल्यावरच करावं. इकडे मी, माझा मुलगा प्रणवेश आणि सून श्रीविद्या, तिघेही बरे आहोत. मी तर अगदी ठणठणीत आहे. ठणठणीत असूनही अकरा महिने मी तुम्हांला एक पत्र लिहिलं नाही, त्याचीच ही हकिगत आहे. लांब होईल, पण मधेच ठेवून देऊ नका. (वरची नमस्काराची ओळ दिसायला साधी आहे. पण 'तीर्थरूप' फक्त आईवडिलांना आणि 'तीर्थस्वरूप' इतर वडीलधाऱ्यांना लिहितात हे पक्कं करायला मला गेल्या वर्षीचा अर्धा डिसेंबर लागला. मग 'साष्टांग' की 'शिरसाष्टांग' यात उरलेला अर्धा गेला.)

सुंदरीअक्का गेल्याची तार मला गेल्या वर्षी पाच डिसेंबरला, म्हणजे तिसऱ्या दिवशी, मिळाली. मला सख्खी बहीण नाही. मावशीची ही मुलगीच माझी अक्का, एकाच घराच्या ओट्यावर आम्ही वाढलो, हे तुम्हांला ठाऊक आहे. गाडीनं तुमच्याकडे पोचेपर्यंत सगळं होऊन गेलं असतं, म्हणून निदान पत्र तरी त्याच दिवशी टाकावं असं ठरवून मी माझी टाइपरायटिंगची इन्स्टिट्यूट बंद ठेवली आणि दुपारी जेवून बसलो. संध्याकाळपर्यंत कागदावर तारीख घालून झाली होती. दुसऱ्या दिवशी कागद पिवळट वाटला म्हणून मी बाजारात जाऊन जाड पांढरा कागद आणला. त्या कागदावर माझ्या पेनची शाई फुटली म्हणून दुसरं पेन आणलं. दुसऱ्या पेनला सवय व्हावी म्हणून त्यानं आठवडाभर मुलींच्या हजेरीत खुणा केल्या. तोवर तुमच्याकडचा तेरावा झाला.

तुम्ही म्हणाल, चौतीस वर्षं टाइपरायटिंग शिकवणाऱ्या माणसाला दोन ओळी लिहायला काय झालं? भावजी, तेच तर झालं. आमच्या धंद्यात चूक म्हणजे मार्क कापले जाणं. लोअरची परीक्षा असो की हायरची, दहा मिनिटांचा वेगाचा पेपर असतो, आणि तपासणारा माणूस पोरीनं काय लिहिलं हे पाहत नाही, कुठे चुकली एवढंच पाहतो. मी त्याच्याही पुढचा. माझ्याकडे एक अक्षर चुकलं की कागद बाहेर काढायचा, फाडायचा, टोपलीत टाकायचा आणि पहिल्यापासून सुरू करायचं. चुकलेला कागद या जागेतून बाहेर जात नाही, असं मी तीन भाषांत लिहून भिंतीवर लावलं आहे. गावातल्या निम्म्या कचेऱ्यांत माझ्या मुली बसल्या आहेत त्या या टोपलीच्या जोरावर. (उठलो होतो. तिसऱ्या मशीनची घंटा वाजत नव्हती. ती आज वाजायलाच हवी असं काही नव्हतं, पण बसवेना.)

आणि दुसरं कारण तुम्ही. रागावू नका. तुम्ही पुण्याच्या शाळेत तीस वर्षं मराठी शिकवलंत. १९७१ साली मी अक्काला पाठवलेलं पत्र तुम्ही लाल शाईनं तपासून मला परत पाठवलं होतंत. अठ्ठावीस चुका निघाल्या होत्या आणि खाली शेरा होता, 'प्रयत्न चांगला'. त्याच पाकिटात अक्कानं एक वेगळी चिठ्ठी घातली होती, की यांच्याकडे लक्ष देऊ नकोस, हे वाण्याची यादीपण तपासतात. पण लक्ष गेलं ते गेलंच. आमची मराठी तीनशे वर्षांपूर्वी घरातून निघाली, वाटेत तमिळ खाऊन अंगानं भरली, आणि आता तुमच्या दारात उभी राहायला लाजते. बाकीचे तंजावूरकर इंग्रजीत तार करून मोकळे झाले. देवनागरी लिहिता येतं असा आमच्या नात्यात मी एकटा उरलो, त्यामुळे सर्वांत चांगलं पत्र माझंच यायला हवं अशी माझी पक्की समजूत झाली होती.

यात आणखी एक अडचण असते, ती ज्याला उशीर होतो त्यालाच कळते. आठवड्यानं गेलेलं पत्र साधं असलं तरी चालतं. महिन्यानं गेलेलं पत्र चांगलंच असावं लागतं. तीन महिन्यांनी जाणारं पत्र इतकं उत्तम हवं की वाचणाऱ्याला वाटावं, यालाच तीन महिने लागले असणार. म्हणजे जितका उशीर, तितकं पत्र कठीण; आणि जितकं कठीण, तितका उशीर. मी सकाळी कापी, म्हणजे तुमची कॉफी, पिऊन बसायचो, पेन उघडायचो, मग खिडकीचा गज पुसायचा राहिला आहे असं दिसायचं. या वर्षात माझ्या घराचे गज जितके स्वच्छ आहेत तितके कधी नव्हते.

जानेवारीत मी फोन करून पाहिला. आता आमच्या वीथीत चार एसटीडी बूथ झाले आहेत. संध्याकाळी सातच्या सुमाराला तुमच्याकडे फोन वाजला, तुम्ही दोनदा 'हॅलो, कोण बोलतंय' म्हणालात, आणि पलीकडून कुणी काही न बोलता फोन ठेवला. तो मी. काय बोलायचं ते कागदावर लिहून नेलं होतं, पण पहिल्याच शब्दाचा ऱ्हस्वदीर्घ मनात अडकला. (बोलताना ऱ्हस्वदीर्घ लागत नाही, हे मला बूथबाहेर आल्यावर सुचलं.)

मार्चमध्ये आमच्या वीथीतला चिदंबर कामासाठी पुण्याला आला होता, तो तुम्हांला भेटून गेला. परत आल्यावर मी त्याला विचारलं, भावजी माझ्यावर रागावले आहेत का? तो म्हणाला, नाही, त्यांनी एवढंच विचारलं की जयतीर्थाची तब्येत बरी आहे ना. भावजी, तुम्ही रागावला असतात तर मी त्या रात्रीच पत्र लिहिलं असतं. तब्येतीचं विचारलंत आणि मी आणखी दोन महिने मागे गेलो.

शेवटी मे महिन्यात मी पापनाशमला गेलो. तिथे कल्याणरामराव म्हणून एक वृद्ध गृहस्थ आहेत. जुनी मराठी जाणणारे, मोडीसुद्धा वाचणारे, आणि आसपासच्या आपल्या लोकांना लग्नाच्या पत्रिका, मानपत्रं वगैरे लिहून देणारे. मी माझा मजकूर दाखवला. त्यांनी तो वाचलाच नाही, उलटा करून त्यावर पानदान ठेवलं आणि आतून एक वही आणवली. मग त्या वहीतून पाहून तासभर त्यांनी मला मजकूर सांगितला आणि मी तो सुवाच्य अक्षरात उतरवून घेतला. मजकूर भव्य होता. त्यात कालचक्र होतं, कमलपत्रावरचा जलबिंदू होता, एका वाक्यात तर नऊ ओळी क्रियापद येतच नव्हतं. मी कृतार्थ होऊन बसमध्ये बसलो. अय्यमपेट्टैजवळ रेल्वेचं फाटक पडलं, बस थांबली, म्हणून मी कागद उघडून सावकाश वाचला. अक्काचं नाव कुठेच नव्हतं, तिच्या जागी एक लांब रेघ होती. तेही मी भरलं असतं. पण शेवटच्या परिच्छेदात 'आपल्या सौभाग्याचा आधार गेला, आता पुत्रांकडे पाहून धीर धरावा' असं होतं. ते पत्र नवरा गेलेल्या बाईला लिहायचं होतं, भावजी. मी तुमच्या मृत्यूबद्दल तुमचंच सांत्वन करायला निघालो होतो. फाटक उघडेपर्यंत मी एकटाच हसत होतो, शेजारच्या बाईनं पिशवी जवळ ओढून घेतली. मग हसू थांबलं. हे अक्काला सांगितलं असतं तर ती पदर तोंडाला लावून अर्धा दिवस हसली असती, आणि सांगायचं तर तिलाच होतं.

आता श्रीविद्येकडे येतो. हिचं माहेर कुंभकोणमचं, आपल्यातलंच. बी.कॉम. झालेली आहे आणि मराठी बोलते ती निम्मी तमिळ. या जूनमध्ये तिनं आणि प्रणवेशनं मिळून माझ्या शेवटच्या ओळीतली चार मशीन हलवून तिथे दोन कॉम्प्युटर बसवले. माझा विरोध होता. पण मुली आता टाइपरायटिंगचा फॉर्म भरायच्या आधी विचारतात, कॉम्प्युटर आहे का? नसलं की नमस्कार करून पलीकडच्या वीथीत जातात. श्रीविद्येनं मला एकदाच बसवून दाखवलं की इथे चूक झाली तर कागद फाडायचा नाही, एक कळ दाबायची, चूक गेली. मी दोन दिवस त्या कळेकडे पाहत होतो. चौतीस वर्षं मी टोपली भरत आलो आणि इथे टोपलीच नाही.

तुम्हांला वाटेल, आता सुटलो. मलाही वाटलं. माझी बोटं इंग्रजीवर चालतात, म्हणून आधी इंग्रजीत लिहू, मग मराठी करू, असं ठरवून मी बसलो आणि पूर्वीपेक्षा वाईट अडकलो. मशीनवर निदान कागद संपत होता, फाडायचा कंटाळा येत होता. इथे कंटाळाही येत नाही. 'डीपली' काढून 'प्रोफाउंडली' घातलं, दुपारी परत 'डीपली' केलं, आणि दोन्ही कसे दिसतात ते पाहायला दोन्हींचे छापे काढले. ते छापयंत्र कर्रकर्र असा आवाज करतं. तो ऐकून मुलींना रोज वाटायचं की हॉलतिकिटं आली. जुलैअखेर माझ्याकडे एकाच पत्राचे चाळीस छापे होते, सगळे पाच ओळींचे, आणि सगळ्यांत सहाव्या ओळीची जागा मोकळी. मग एके सकाळी वीज गेली आणि आतलं सगळं पुसलं गेलं. श्रीविद्येला वाटलं मी खचून जाईन. मला, खरं सांगतो, सुट्टी मिळाल्यासारखं वाटलं.

(पुन्हा उठलो होतो. आता आलेला भाग सांगायचा आहे म्हणूनच उठलो, हे मला कळतं. बसतो.)

ऑक्टोबरच्या दहा तारखेची गोष्ट. दुपारच्या बॅचला अवकाश होता. मी कॉम्प्युटरपुढे बसून 'माय डियर' हे दोन शब्द पाहत होतो. श्रीविद्या हात पुसत आली, मागे उभी राहिली आणि म्हणाली, "मामंजी, तुमच्या मुली टाइप करितात तेव्हां तुम्ही त्यांस काय सांगता?"

मी म्हटलं, "पाठ सरळ, मनगट वर."

"ते नव्हे. डोळे कोठे ठेवायला सांगता?"

"पुस्तकावर. कागदाकडे बघायचं नाही. बघितलं की बोट थांबतं."

तिनं खांद्यावरचा टॉवेल काढला आणि पडद्यावर टाकला. पडदा पूर्ण झाकला गेला. मग टेबलावरचं माझं परीक्षेचं घड्याळ हातात घेतलं.

"दहा निमिषं," ती म्हणाली. "आपल्या मराठीत, इंग्लिश अक्षरांनी. पुण्याच्या मामांस लिहू नका. सुंदरीअत्तैंची गोष्ट मला सांगा. मी त्यांस एकदाच पाहिलों, लग्नात. थांबायचं नाही, मागे जायचं नाही. चुकलं तर चुकलं."

"असं लिहिलेलं कुणाला दाखवता येत नाही," मी म्हटलं.

"दाखवू नका. स्टार्ट."

भावजी, चौतीस वर्षं 'स्टार्ट' हा शब्द मी दुसऱ्यांना म्हणत आलो. तो ऐकल्यावर बोटांनी काय करायचं ते मला विचारलं नाही. सुरुवातीच्या दोन ओळी कशाबशा गेल्या. पडदा दिसत नसल्यामुळे आपण काय लिहितो आहोत याची लाजही दिसत नव्हती. नंतर मला फक्त कळांचा आवाज ऐकू येत होता. तिनं 'स्टॉप' म्हटलं तेव्हा मी वाक्याच्या मधे होतो आणि मला थांबायचं नव्हतं.

ते जसं उतरलं तसं खाली देतो. बोटांच्या चुका काढल्या आहेत, भाषा तशीच ठेवली आहे. यात तुमच्या घरची एक गोष्ट आहे, ती तुम्हांला चाळीस वर्षांनी कळते आहे.

'अक्काचं लग्न झालं तेव्हां मी एकोणीस वर्षांचा होतों. स्टेशनवर सगळे रडत होते. अक्का रडत नव्हती, ती पायांकडे पाहत होती. मज म्हणाली, जया, माझे चप्पल लग्न लागलं त्या छत्रांतच राहिले की रे, नवे चप्पल, पळ. गाडीला अर्धा तास होता. मी धावत गेलों. चप्पल मिळाले, मागल्या दाराशी होते, चिखलानं भरून. अक्का नव्या घरीं चिखलाचे चप्पल घालून कशी जाईल म्हणून मी नळाखालीं धुतले. धुतले तर ओले झाले. ओले कसे द्यायचे म्हणून धोतरानं पुसले. पट्ट्यांत चिखल राहिला होता तो काडीनं काढला. मग पळालों. फलाटावर पोंचलों तर शेवटला डबा दिसला. अक्का खिडकींतून हात बाहेर काढून होती. मी चप्पल वर करून दाखविले. एवढे स्वच्छ चप्पल कोणी पाहिले नसतील. ती हसत होती. अनवाणी गेली ती. मागून कळलं, भावजींच्या आईंनीं सगळ्यांस सांगितलं कीं तंजावूरच्या मुली नव्या घरीं अनवाणीच येतात, तिकडे तशी रीत आहे. अक्कानं कोणासही खरं सांगितलं नाही. माझं नांव वाईट होईल म्हणून. चप्पल पोस्टानं पाठवायचे होते, चांगली पेटी मिळेना, पाठविलेच नाहींत. मागल्या वर्षीं सप्टेंबरांत तिचं पत्र आलं. जया, इथें सगळे मज नीट बोलायला लावितात. आपली मराठी ऐकून किती वर्षं झालीं. तूं चार ओळी लिही. कशाही लिही. आज काय जेवलास तें लिही. मी मोठ्यानं वाचीन. मी म्हटलं, अक्काला चांगलंच पत्र लिहायचं. पुण्याच्या मराठींत लिहायचं, भावजींस एकही चूक सांपडतां नये. नऊ आठवडे मी तें करीत होतों. त्या दिवशीं मी रसम भात जेवलों होतों, अप्पळम होतं, एवढंच लिहायचं होतं. एवढंच. मग तार आली आणि'

इथे 'स्टॉप' झालं.

श्रीविद्येनं टॉवेल काढला. मी सवयीनं आधी चुका मोजल्या. एक्केचाळीस निघाल्या. परीक्षेला बसलो असतो तर मी दणकून नापास झालो असतो. मी तिला म्हटलं, पुसून टाक. तिनं पुसलं नाही. ती खुर्ची ओढून बसली आणि पडद्यावरचं सगळं, ओठ हलवत, सावकाश वाचलं. चपलांपाशी हसली. पुढे हसली नाही. मग म्हणाली, "मामंजी, हे आपण बोलतों तसं आहे." आणि थोड्या वेळानं, "आतां दुरुस्त करायला कांहीं तरी आहे. इतके दिवस तुम्ही नुसत्या कागदाला दुरुस्त करीत होतां."

मी रडलो वगैरे असं समजू नका. मी उठलो आणि दुपारच्या बॅचच्या चौदा मशीनींवरची आवरणं काढली, जी मुलीच काढतात. पण त्या दिवशी बॅचमधली एक मुलगी चुकली आणि सवयीनं कागद ओढायला लागली, तेव्हा मी तिला म्हटलं, राहू दे, खालपर्यंत जा, मग पाहू. सगळ्या मशीनी थांबल्या आणि मुली माझ्याकडे पाहायला लागल्या. माझी तब्येत बरी नाही असं त्यांनी श्रीविद्येला जाऊन सांगितलं. भिंतीवरची पाटी मी अजून काढलेली नाही. तिच्या जागी काय लिहायचं ते ठरत नाही.

तर भावजी, सुंदरीअक्का गेली याचं मला फार वाईट वाटलं. हे एक वाक्य मला अकरा महिन्यांपूर्वी लिहायचं होतं. याहून बरं वाक्य मला मिळालं नाही, आणि आता मी शोधत नाही. तिच्यामागे तुम्ही एकटे त्या दोन खोल्यांत काय करता, संध्याकाळी दिवा कोण लावतं, जेवायला काय करता, हे मी विचारायला हवं होतं. तेही विचारतो. कार्तिकी अमावास्येला तिचं वर्ष आहे. मी येतो. तिकीट काढलं आहे, सतरा तारखेला इथून निघतो. श्रीविद्येनं तिकीट आधी काढलं आणि मग मला सांगितलं, नाहीतर कोणत्या गाडीनं जावं यात अमावास्या टळली असती. मी चार दिवस राहीन. अक्कानं मागितलेली आमची मराठी मोठ्यानं बोलीन, तुम्ही मनातल्या मनात काय तपासायचं ते तपासा.

तुमचा आज्ञाधारक,
जयतीर्थ

ता. क. वर मी दहा मिनिटांचं मोठं कौतुक केलं आहे, ते वाचून तुमचा गैरसमज होईल म्हणून सांगतो. दहा मिनिटांत कच्चं झालं. त्यानंतर ते देवनागरीत उतरवून हे पत्र पुरं करायला मला सत्तावीस दिवस लागले. पापनाशमचं पान मी पाच वेळा लिहिलं, कारण पानदानाचं सांगावं की नाही हे ठरेना. श्रीविद्येला ही संख्या ठाऊक नाही. तिला वाटतं दोन वेळा लिहिलं. काल तिनं सरळ सांगितलं, की उद्या दुपारी साडेतीनच्या टपालात हे पडलं नाही तर ती त्या दहा मिनिटांचा छापाच, चुकांसकट, तुमच्या पत्त्यावर पाठवील. म्हणून हे आज जातं आहे. कुठे खाडाखोड दिसेल. दिसू द्या.

ता. क. दुसरा. मुख्य विचारायचं राहिलं. खरं म्हणजे सगळं पत्र यासाठीच लिहिलं. सप्टेंबरचं ते पत्र टाकल्यावर, ऑक्टोबरात, नोव्हेंबरात, अक्का माझ्या उत्तराची वाट पाहत होती का? टपाल आलं की विचारायची का? की विसरून गेली होती? हे मला तुमच्यासमोर बसून विचारता येणार नाही, मी ओळखतो मला. चार दिवस तुमच्या खिडक्या पुसून परत येईन. म्हणून मी निघायच्या आधी एका कार्डावर लिहा. नुसतं 'होय' किंवा 'नाही' लिहिलंत तरी पुरे. मला बरं वाटावं म्हणून काही लिहू नका. उत्तर आलं की मी येईन, आणि मग त्याबद्दल आपण बोललो नाही तरी चालेल.

(पाकिटाच्या मागच्या बाजूवर)

भावजी, दुसऱ्या ता. क. मधला प्रश्न खोडून टाकायचा होता. पाकीट चिकटवल्यावर हे सुचलं आणि श्रीविद्या ते उघडू देत नाही, इथे पोस्टाच्या दारात हात धरून उभी आहे. तुमच्या पोस्टमनला मराठी येतं, तो हे वाचणार. वाचू दे. तुम्ही उत्तर लिहा.